हातानें घडलेलीं पुस्तकें

पालघर जिल्ह्यांतील वसई-विरार शहराच्या हद्दींत आज मोडणारें सोपारें हें प्राचीन काळीं पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होतें. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या कांहीं थोड्या ओळी होत्या. सम्राट अशोकाच्या चौदा शिलाशासनांपैकीं आठव्या शासनाचा तो अवशेष होय. पुढें १९५६ सालीं जवळच्याच भुईगांवीं नवव्या शासनाचा तुकडा सांपडला. बाकीचीं शासनें हातीं लागलीं नाहींत. तथापि एवढ्या दोन तुकड्यांच्या आधारें अशोकाची आज्ञा कोंकणच्या या किनाऱ्यापर्यंत पोंचली होती, ही गोष्ट निर्विवाद ठरली. ज्या अक्षरांतून पुढें आपली नागरी लिपि उत्क्रांत झाली, तीं अक्षरें बावीस शतकें ऊन, पाऊस आणि खारी हवा सोसून राहिलीं. आणि तीं ओळखणारा एक मनुष्य वेळेवर भेटला, म्हणून तीं इतिहासाच्या पदरीं पडलीं.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहावें. इंग्लंडांत जन्मलेले जेज्विट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. १६१९ सालीं त्यांना मृत्यु आला, तोंपर्यंत या देशाचीच भाषा त्यांनीं आपली मानली. त्यांनीं रचिलेलें ‘क्रिस्तपुराण’ हें सुमारें ११,००० ओव्यांचें मराठी काव्य १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापून निघालें. १६४९ आणि १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. येथें दगडाचा एकच तुकडा नव्हता. एका मजकुराच्या अनेक प्रती काढणारें यंत्र होतें. असें असूनहि त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाहि छापील प्रतीचा आज ठावठिकाणा नाहीं. ‘क्रिस्तपुराण’ आज वाचावयास मिळतें तें हातानें लिहिलेल्या नकलांच्या कृपेनें. अशा हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापलें गेलें. आणि नागरी लिपींतील एक जुनी प्रत लंडनमधील मार्सडेन यांच्या संग्रहांत आढळली, तेव्हां या काव्याच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली.

एकदां छापलें कीं तें अमर झालें, असा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला हें उदाहरण चांगलाच धक्का देतें. छापल्यानें पुस्तकाच्या प्रती वाढतात. परंतु त्या प्रती जपणारीं माणसें नसतील तर शंभराची एक होण्यास आणि एकीची शून्य होण्यास फार काळ लागत नाहीं. गोव्यांत १६८४ सालच्या राजाज्ञेनें देशी भाषेवर गदा आली आणि पुढें १७५४ सालीं छापखान्यालाच बंदी झाली. अशा प्रतिकूल काळांत देशी भाषेंतील ग्रंथ कोण सांभाळणार? वसई, ठाणें आणि मुंबई या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांत मात्र दुसऱ्या एका पुराणाचें भाग्य निराळें ठरलें. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश यांचें येशूच्या दुःखभोगावरील काव्य १६५९ सालचें. उपवासाच्या काळांत तें गाण्याचा प्रघात या किनाऱ्यावर राहिला, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकांत तें मुंबईस पुन्हां छापावेंसें लोकांना वाटलें. पुस्तक जगविण्याचे मार्ग दोनच: एक, तें सतत वापरांत ठेवणें, आणि दुसरा, तें वापरांतून गेल्यावर जाणीवपूर्वक जतन करणें. पहिला मार्ग समाजाच्या हातीं असतो, दुसरा संग्राहकाच्या.

संग्राहकानें नेमकें काय जतन करावयाचें, हें कळण्यासाठीं मराठी पुस्तक कसें घडलें तें आधीं पाहिलें पाहिजे. फादर स्टीफन्स यांचें काव्य मराठी, परंतु तें छापलें गेलें रोमन अक्षरांत. त्यांना स्वतःला हें रुचलेलें नव्हतें. १६०८ सालीं रोमला आपल्या वरिष्ठांस धाडलेल्या पत्रांत त्यांनीं या देशाच्या भाषेंत व या देशाच्याच लिपींत पुस्तकें छापलेलीं पाहण्याची आपली बहुत वर्षांची इच्छा प्रकट केली आहे. अडचण अशी होती कीं युरोपांत चोवीस अक्षरांत काम भागतें. येथें मात्र काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरें मिळून सुमारें ६०० साचे पाडावे लागणार होते. एवढा खर्च आणि एवढे श्रम कोणी करावे, असा प्रश्न होता. तामिळ भाषेला याच सुमारास थोडें अधिक सुदैव लाभलें होतें. १५७८ सालीं कोल्लम येथें तामिळ अक्षरांत १६ पानांचें एक लहानसें पुस्तक छापलें गेलें होतें. मराठीला मात्र आपल्या अक्षरांसाठीं जवळजवळ दोन शतकें वाट पाहावी लागली.

या दोन शतकांत प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनीं ईस्ट इंडिया कंपनीकडे छापखान्याची मागणी केली आणि १६७४ सालीं हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक मुंबईस आला. परंतु त्याला छापतां येत होतें, खिळे पाडतां येत नव्हते. त्यामुळें देशी अक्षरें छापण्याचा भीमजींचा हेतु तडीस गेला नाहीं. पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर उलटीं अक्षरें कोरण्याची विद्या अवगत झाली, आणि नाना फडणीस यांनीं त्याच्याकडून भगवद्गीता छापून घेण्याचें मनांत आणिलें. १८०० सालीं नाना निवर्तले. काम मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें पुरें झालें आणि १८०५ सालीं मिरजेची गीता तयार झाली. तंजावरास सरफोजीराजे यांनीं आपल्या वाड्यांत छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नांवानें मराठींत छापविल्या.

खऱ्या अर्थानें सुट्या खिळ्यांनीं मराठी मजकूर छापण्याचा मान मात्र दूर बंगालांतील श्रीरामपूरकडे जातो. तेथें विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें. मराठी कोश १८१० सालीं निघाला, तो मोडी अक्षरांत. हे खिळे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जांवई मनोहर यांचीं नांवें मराठी माणसानें कृतज्ञतेनें स्मरावींत. ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदांचे ढीग आणि हस्तलिखितें भस्म झालीं, खिळे वितळून गेले. पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे मात्र बचावले, आणि वितळलेल्याच धातूपासून पुन्हां खिळे ओतून कांहीं आठवड्यांतच छपाई सुरू झाली. या प्रसंगांत खिळ्याच्या छपाईचें सारें मर्म सांठवलेलें आहे. खिळा नश्वर आहे. तो झिजतो, तुटतो, वितळतो. ज्या हातानें पहिला ठसा कोरला त्या हाताचें कौशल्य मात्र साच्यांत राहतें आणि तेथून हजारों वेळां जन्म घेतें.

मुंबईंत ही विद्या परदेशी मिशनच्या छापखान्यांतून देशी कारागिरांच्या हातीं कशी आली, ही कथा मोठी चित्तवेधक आहे. अमेरिकन मिशनचें मराठी मुद्रण १८१७ सालीं सुरू झालें. तो छापखाना पाहावयास येणाऱ्यांत गणपत कृष्णाजी नांवाचा भंडारी समाजांतील एक गृहस्थ असे. शाळेंत शिकून नव्हे, तर पाहून पाहून त्यानें ही कला आत्मसात केली. त्यानें लांकडाचें एक लहान यंत्र स्वतःच्या हातानें घडविलें, शिळाछापाचे दगड मिळवून त्यांवर प्रयोग केले आणि शाईहि स्वतःच तयार केली. शके १७५३ चें, म्हणजे १८३१ सालचें पंचांग त्यानें शिळेवर छापलें. पंचांग ही घरोघरीं लागणारी वस्तु. तोंवर तें जोशीबुवांच्या हातचें लिहिलेलें मिळे. छापलेल्या कागदास शिवावें कीं न शिवावें, शाईंत चरबी तर नसेल ना, अशा शंका त्या काळीं धर्मनिष्ठ मंडळींच्या मनांत येत. धार्मिक पोथ्यांसाठीं तुपाची शाई करून या शंकेचें निरसन करण्यांत आलें, असें सांगतात. पुढें गणपत कृष्णाजीनें धातूचे खिळेहि स्वतः पाडले आणि खिळाछापाची उत्तम पुस्तकें काढलीं. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत या उद्योगी पुरुषाची आवर्जून दखल घेतली आहे. यंत्र, शाई आणि खिळे हीं तिन्ही स्वतः सिद्ध करणारा असा मुद्रक कोणत्याहि देशांत विरळाच.

खिळाछापाचें पुस्तक घडतें कसें, हें आतां क्रमानें पाहूं. प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोंकावर एक अक्षर उलटें कोरतात. हें काम भिंगाखालीं, कानशीनें आणि बारीक छिन्नीनें चालतें; एका अक्षराला दिवसचे दिवस लागतात. हा पोलादी ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला कीं अक्षराचा साचा तयार होतो. साचा हातांतल्या ओतयंत्रांत बसवून त्यांत शिसें, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओततात. शिसें वजन देतें व लवकर वितळतें. कथिलानें रस वाहता राहतो. आणि अँटिमनी धातूला कठीण करून थंड होतांना तिला आकसूं देत नाहीं, म्हणून अक्षराच्या कडा धारदार उठतात. असा एक एक करून हजारों खिळ्यांचा संच बनतो.

मग येतो जुळारी. त्याच्यापुढें खणांच्या उतरत्या पेट्या मांडलेल्या असतात. इंग्रजी जुळाऱ्याला दीडशेंच्या आसपास खण पुरतात. नागरी जुळाऱ्याला कित्येक शें खणांचा हिशेब डोक्यांत ठेवावा लागतो. डाव्या हातांत ओळ धरण्याची पट्टी घेऊन उजव्या हातानें तो खिळे वेंचीत जातो. अक्षरें उलटीं असतात. तीं तो आपण सुलटीं अक्षरें वाचावीं तितक्या सहजतेनें वाचतो. नागरीच्या एका पद्धतींत तर एकच ओळ तीन थरांत रचावी लागे: मधल्या थरांत मूळ अक्षरें, वरच्या थरांत मात्रा, वेलांट्या व रफार, आणि खालच्या थरांत उकार. वरची वेलांटी केसभर सरकली तरी शब्दाचें रूप बिघडे. ओळींच्या पट्ट्या जमवून पान, पानें जमवून फर्मा, आणि फर्मा लोखंडी चौकटींत कसून बांधला कीं तो यंत्रावर चढे.

हातयंत्रावर दोन माणसें लागत. एकानें रुळानें अक्षरांवर शाई फिरवावी, दुसऱ्यानें ओलसर केलेला कागद बसवून दांडा ओढावा. शाई म्हणजे कढवून दाट केलेलें जवसाचें तेल आणि काजळी. कागद ओलसर अशासाठीं कीं तो शाई नीट पितो आणि खिळ्याचा दाब सहजपणें घेतो. अशा रीतीनें दोन माणसांनीं अविश्रांत काम केलें तर ताशीं दोनअडीचशें कागद, तेहि एका बाजूनें, छापून होत. मग ते दोरीवर वाळवावयाचे, दुसऱ्या बाजूनें छापावयाचे, घड्या घालावयाच्या आणि शिवावयाचे. फर्मा छापून झाला कीं खिळे धुऊन पुन्हां ज्याच्या त्या खणांत टाकावयाचे. कारण पुढच्या फर्म्याला तेच खिळे लागणार. म्हणजे दोनशें पानांचें पुस्तक छापून होईतों त्याचीं पहिलीं पानें केव्हांच मोडून गेलेलीं असत. हा मुद्दा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आवृत्ति संपली कीं छापखान्यांत त्या पुस्तकाचें कांहींच उरत नसे. उरत त्या फक्त वाचकांच्या घरीं गेलेल्या प्रती.

या कलेचा परमोत्कर्ष महाराष्ट्रांत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यांत झाला. १८३९ सालीं गरीब घरांत जन्मलेला हा मुलगा लहानपणींच अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं खिळे घासण्याच्या कामाला लागला. खिळा घासतां घासतां त्याला खिळ्याचा प्राण कळला. १८६४ सालीं त्यानें स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. अक्षर कोरण्यांत निष्णात असलेले राणोजी रावजी आरू हे त्याला सहकारी म्हणून लाभले. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू झाला. काशींतले शास्त्री आणि युरोपांतले पंडित दोघांनींहि वाखाणावीं अशीं संस्कृत पुस्तकें तेथून निघालीं. ‘काव्यमाला’ १८८६ पासून प्रसिद्ध होऊं लागली. मुलांचें ‘बालबोध’ मासिक, पंचांगें आणि लांबट सुट्या पानांच्या पोथ्याहि तेथेंच छापल्या जात. जावजी १८९२ सालीं वारले. त्यांच्या अक्षराचें वळण मात्र महाराष्ट्राच्या डोळ्यांत इतकें भिनलें कीं पुष्कळांना नागरी अक्षर म्हटलें कीं निर्णयसागरचेंच अक्षर आठवे.

येथवर घडविणाऱ्यांची कथा झाली, आतां जमविणाऱ्यांची. युरोपांत १५०० सालापर्यंत छापलेल्या पुस्तकांना पाळण्यांतलीं पुस्तकें म्हणतात. त्याच धर्तीवर मराठींत १८६७ सालापर्यंतच्या पुस्तकांना ‘दोलामुद्रितें’ हें सुंदर नांव मिळालें आहे. १८६७ हेंच साल कां? तर त्या सालच्या पंचविसाव्या कायद्यानें छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारांत देणें व त्यांची नोंद होणें आवश्यक ठरलें. त्यापूर्वींच्या पुस्तकांची अशी कोणतीहि सक्तीची नोंद नाहीं. कोणी, कोठें, किती पुस्तकें छापलीं, हें ठरविण्याचा मार्ग एकच: प्रत्यक्ष प्रत शोधून काढणें. एखाद्या जुन्या पेटींतून निघालेली एकच प्रत मराठी मुद्रणाच्या इतिहासांत एक नवी ओळ लिहूं शकते.

या कामीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांत शंकर गणेश दाते यांचें नांव अग्रभागीं येतें. १८०० ते १९३७ या काळांतील मराठी पुस्तकांची सूचि त्यांनीं ग्रंथालयें व संग्रह धुंडाळून तयार केली. त्या मागें कोणा संस्थेची मोठी फौज नव्हती. चिकाटी हेंच भांडवल होतें. १९३८ ते १९५० या काळाचा पुढील खंड १९६१ सालीं निघाला. दुसरे अनंत काकबा प्रियोळकर. गोव्यांत जन्मलेल्या या संशोधकानें भारतांतील मुद्रणाचा आरंभ सांगणारा इंग्रजी ग्रंथ १९५८ सालीं सिद्ध केला. १५५६ सालीं गोव्यास पहिला छापखाना उतरल्याला चार शतकें पुरीं झालीं, त्या निमित्तानें हें काम झालें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें व मुंबईचें १८९८ सालचें. वसई तालुका २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होता. तेव्हां या परिसरांतील वाचकांना ठाण्याचें ग्रंथसंग्रहालय हें आपल्या जिल्ह्याचेंच ग्रंथधन होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कित्येकांस असें वाटेल कीं आतां प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन मजकूर जपतां येतो. मग जीर्ण कागदाचा सोस कशाला? हा प्रश्न अप्रामाणिक नाहीं, आणि छायाचित्रें अवश्य घ्यावीं. परंतु छायाचित्रांत मजकूर येतो. वस्तु येत नाहीं. खिळाछापाचें पान पाठीमागून बोटानें चांचपावें, म्हणजे दाबाचा उठाव जाणवतो. शिळाछापाचें पान सपाट लागतें. शिळेवरील मजकूर लेखकाच्या हातचा असल्यामुळें कांहीं घरांतून शिळाछापाच्या पोथ्या हस्तलिखितें समजून देव्हाऱ्यांत ठेविलेल्या असतात, आणि उलट खरीं हस्तलिखितें छापील समजून टाकून दिलीं जातात. एखादा तुटका खिळा, समजा शेंडा उडालेला ‘ळ’, एका पुस्तकांत वारंवार दिसतो. तोच छापखान्याचें नांव नसलेल्या दुसऱ्या पुस्तकांत आढळला, तर दोन्ही एकाच ठिकाणीं छापलीं गेल्याचा संशय येण्यास जागा होते. छपाई चालू असतांच चूक लक्षांत येऊन खिळा बदलला गेला, तर एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत फरक पडतो. म्हणून संग्राहकाला दुसरी प्रत ही निव्वळ द्विरुक्ति वाटत नाहीं. ती दुसरी साक्ष असते.

खिळा-छपाईचा व्यवसाय गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झपाट्यानें मागें पडला. सपाट छपाईचीं यंत्रें आलीं, मागोमाग संगणक आला. ज्या खणांत पिढ्यान् पिढ्या अक्षरें नांदलीं, ते खण रिकामे झाले आणि खिळे शिशाच्या भावानें भंगारांत गेले. त्यांत कोणाचा दोष काढावयाचा? मुद्रकालाहि संसार असतो, आणि धातूला भाव असतो. परंतु त्यामुळें एक गोष्ट कायमची बदलली. तो खिळा, तो कागद आणि तो हात पुन्हां एकत्र येऊन तें जुनें पुस्तक तसेंच घडेल, ही शक्यता आतां राहिली नाहीं. जें शिल्लक आहे तेंच आहे.

हें शिल्लक धन पुष्कळसें मोठ्या संग्रहालयांत नाहीं. तें सामान्य घरांतून आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत, देव्हाऱ्याखालच्या फडताळांत, बासनांत गुंडाळलेल्या गांठोड्यांत तें पडून असतें. घर बदलतांना, वाडा पाडतांना, वडील माणूस गेल्यावर आवराआवर करतांना तें रद्दींत जातें. वसई-विरारसारख्या झपाट्यानें वाढणाऱ्या शहरांत जुनीं कौलारू घरें जाऊन इमारती उठत आहेत, आणि प्रत्येक जुन्या घराबरोबर त्यांतील एखादी पेटी रस्त्यावर येते. तेव्हां ती उघडून पाहण्याइतका अवकाश गृहस्वामीनें काढावा, हीच पहिली विनंती.

पाहावें काय? प्रथम मुखपृष्ठ. त्यावर शक दिला असेल तर त्यांत ७८ मिळवावे, म्हणजे सामान्यतः इसवी सन येतो. छापखान्याचें नांव, गांव, किंमत, आणि कोणी हातानें लिहिलेली मालकीची ओळ, हें सारें तसेंच राहूं द्यावें. जुनें नांव खोडूं नये, कडा कापून सारख्या करूं नयेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद कांहीं वर्षांत कागद पिवळा करून खातो. किनाऱ्याची दमट हवा आणि कसर हे दोन शत्रु ओळखून पावसाळा संपल्यावर पुस्तकें सावलींत वारा लागेल अशीं ठेवावीं. कडक उन्हांत ठेवूं नयेत. एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते: १८४० च्या सुमाराचें पुस्तक १९०० च्या सुमाराच्या पुस्तकापेक्षां अनेकदां अधिक निरोगी असतें. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद चिवट असतो; लांकडाच्या लगद्याचा नंतरचा कागद आम्लामुळें तपकिरी होऊन बोटांत चुरतो. तेव्हां जें अधिक जुनें तें अधिक मेलेलें, असें मानण्याचें कारण नाहीं.

ज्यास एवढें सांभाळणें शक्य नसेल त्यानें तें पुस्तक जवळच्या ग्रंथसंग्रहालयास दाखवावें. त्याची किंमत रुपयांत फार येईल अशी आशा धरूं नये. बहुतेक पुस्तकांची येत नाहीं. पण तें पुस्तक दुसरीकडे आहे कीं नाहीं, सूचींत त्याची नोंद आहे कीं नाहीं, एवढें तरी समजून घ्यावें. नोंद नसेल, तर एका घराच्या पेटींतून एका भाषेच्या इतिहासांतील एक रिकामी जागा भरली जाईल.

‘क्रिस्तपुराणा’ची पहिली छापील प्रत पुढें कधीं सांपडेल कीं नाहीं, हें कोणास सांगतां येईल? सोपाऱ्याचा दुसरा तुकडा पहिल्यानंतर ७४ वर्षांनीं सांपडला. शोध केव्हां लागेल हें शोधणाऱ्याच्या हातीं नसतें. परंतु ज्याचा शोध घ्यावयाचा तें आपल्याच घरच्या रद्दींतून आधींच बाहेर गेलेलें नसावें, एवढी काळजी मात्र प्रत्येक घराच्या हातीं आहे.